वाचकांचे प्रश्न : विषुववृत्तावरचा उलटणारा वारा आणि ठाण्याची थंडी

हिवाळ्याच्या तोंडावर ठाणे आणि नवी मुंबईतून आलेल्या पत्रांपैकी बऱ्याच पत्रांचा रोख एकाच विषयाकडे असल्यामुळे त्यांची उत्तरे या अंकात एकत्र दिली आहेत.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक संदेश फिरत आहे. विषुववृत्तावर २५ किलोमीटर उंचीवरचे वारे उलटे फिरले असून त्यामुळे यंदा ठाण्यात आणि मुंबईत विक्रमी थंडी पडणार, असे त्यात म्हटले आहे. असे वारे खरोखर असतात का? असल्यास आपल्या थंडीशी त्यांचा काय संबंध?
– एक निवृत्त शिक्षक, घोडबंदर रस्ता, ठाणे

उत्तर : संदेशाचा पूर्वार्ध शास्त्रात बसणारा आहे, उत्तरार्ध कोणीतरी पदरचा जोडलेला आहे. विषुववृत्ताभोवती, जमिनीपासून साधारण १७ ते ३५ किलोमीटर उंचीवर, म्हणजे ढग आणि पाऊस ज्या तपांबरात घडतात त्याच्याही वरच्या स्थितांबरात, पृथ्वीला वेढा घालणारा वाऱ्याचा एक पट्टा असतो. तो वर्षभराहून थोडा अधिक काळ पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतो, मग दिशा बदलून साधारण तितकाच काळ पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. हे आवर्तन पूर्ण व्हायला सरासरी २८ महिने लागतात; कधी ते दोन वर्षांच्या आत आटोपते, तर कधी तीन वर्षांपर्यंत रेंगाळते. शास्त्रज्ञ त्याला क्वासी-बायेनियल ऑसिलेशन म्हणतात आणि एरवी नुसते क्यूबीओ. पूर्वेकडून येणारा वारा दोहोंत जोरकस असून त्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे जातो. पश्चिमेकडून येणाऱ्या वाऱ्याचा वेग त्याच्या निम्म्याहून थोडा अधिक असतो.

या वाऱ्याची एक खोड लक्षात ठेवण्याजोगी आहे. दिशा आधी वर, तीसेक किलोमीटर उंचीवर बदलते आणि तो बदल महिन्याला सुमारे एक किलोमीटर या संथ गतीने खाली उतरत तपांबराच्या छतापाशी येऊन विरतो. त्यामुळे एकाच दिवशी ३० किलोमीटर उंचीवर वारा पूर्वेकडून आणि २० किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून वाहत असणे ही अगदी नेहमीची स्थिती आहे. ‘वारे उलटे फिरले’ एवढेच सांगणाऱ्या संदेशावर विश्वास ठेवण्याआधी ‘कोणत्या उंचीवरचे?’ असे विचारायला हरकत नाही.

आता ठाण्याकडे येऊ. क्यूबीओचा जोर विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना साधारण १२ अंशांपर्यंत असतो. साडेआठ अंश उत्तरेला असलेले तिरुवनंतपुरम त्याच्या कक्षेत येते, आणि तिथल्या थुंबा केंद्रावरून १९७० व ८० च्या दशकांत नियमितपणे सोडल्या गेलेल्या हवामान अग्निबाणांच्या नोंदींत हे वारे मोजलेही गेले. ठाणे मात्र १९ अंश उत्तरेला आहे. म्हणजे हा वारा आपल्या डोक्यावरून जोराने वाहत नाही, आणि वाहता तरी त्याने पारा थेट खाली आणला नसता, कारण २५ किलोमीटर उंचीवरची विरळ हवा सरळ खाली येऊन आपल्या अंगणात उतरत नाही.

आपल्याकडची थंडी येते ती वेगळ्याच वाटेने. भूमध्य समुद्राच्या बाजूने पश्चिमी विक्षोभ येतात, काश्मीर आणि हिमाचलात बर्फ टाकतात, आणि ते पुढे सरकले की त्यांच्या पाठीमागून कोरडे, थंड उत्तरेकडचे वारे राजस्थान आणि गुजरातमार्गे उत्तर कोकणात शिरतात. आकाश निरभ्र असेल आणि हवेत बाष्प कमी असेल, तर रात्री जमिनीची उष्णता झपाट्याने निघून जाते आणि पहाटे पारा उतरतो. वारा पूर्वेकडून किंवा आग्नेयेकडून वाहू लागला, ढग आले, की दोन दिवसांत थंडी नाहीशी होते. दुपारचे गणित आणखी निराळे आहे: खाडीवरून येणाऱ्या समुद्रवाऱ्याला उशीर झाला तर ऐन जानेवारीतही ठाण्यात घामाच्या धारा लागतात. शिवाय येऊरच्या पायथ्याचा पहाटेचा गारवा आणि स्टेशन परिसरातल्या सिमेंटची ऊब यांत जो फरक असतो, तो कित्येकदा दोन वेगवेगळ्या हिवाळ्यांतल्या फरकाहून मोठा भरतो.

मग क्यूबीओचा आणि आपला काहीच संबंध नाही का? संबंध आहे, पण दूरच्या नात्यातला. विक्षोभांना वाहून आणणारा सुमारे १२ किलोमीटर उंचीवरचा पश्चिमी झोतवारा क्यूबीओच्या दिशेनुसार किंचित सरकतो किंवा सौम्य होतो. दुसरी वाट हिंदी महासागरातून जाते. तिथून निघून विषुववृत्तालगत पूर्वेकडे सरकणारा, ३० ते ६० दिवसांनी पुन्हा उगवणारा मोठा ढगसमूह मॅडन-ज्युलियन आंदोलन या नावाने ओळखला जातो. डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात खालच्या स्थितांबरात वारा पूर्वेकडून असेल तर हे आंदोलन अधिक जोरदार आणि अधिक टिकाऊ होते, असे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून पुढे आले. तपांबराचे छत अशा वेळी थोडे अधिक थंड असते आणि उंच ढगांना वर चढायला सोपे जाते, हे त्याचे सर्वमान्य होत चाललेले स्पष्टीकरण. या ढगसमूहाच्या स्थानाचा परिणाम वायव्येकडून येणाऱ्या विक्षोभांवर काही प्रमाणात होतो. पण झोतवारा, विक्षोभ, त्यामागचा उत्तरेचा वारा, स्थानिक ढग आणि खाडी एवढ्या पायऱ्या उतरून येईपर्यंत मूळच्या प्रभावाचे फारसे काही उरत नाही. ‘विक्रमी थंडी’ हे भाकीत त्यावरून करणे म्हणजे बादरायण संबंध जोडणे होय.

प्रश्न : ऋतू बदलतात ते पृथ्वी सूर्याभोवती फिरते म्हणून. पण २८ महिन्यांनी परतणारी कोणतीही गोष्ट आकाशात दिसत नाही. मग या वाऱ्याला उलटवतो कोण? आणि तो सापडला कसा?
– अभियांत्रिकीची एक विद्यार्थिनी, नेरूळ

उत्तर : प्रश्न मार्मिक आहे, आणि या विषयातला सर्वांत सुंदर भाग त्याच्या उत्तरात आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

आधी शोधाची हकीकत. ऑगस्ट १८८३ मध्ये इंडोनेशियातील क्राकाटोआ ज्वालामुखीचा स्फोट झाला आणि त्याची राख स्थितांबरात गेली. ती पश्चिमेकडे सरकत सुमारे दोन आठवड्यांत पृथ्वीला प्रदक्षिणा घालून आली. विषुववृत्ताचा परीघ सुमारे ४०,००० किलोमीटर आहे. १५ दिवसांनी भागून पाहा, ताशी १११ किलोमीटर असा वेग येतो. त्यावरून तिथे कायम पूर्वेकडचा वारा वाहतो असे ठरले. पुढे १९०८ मध्ये जर्मन हवामानशास्त्रज्ञ बर्सन यांनी आफ्रिकेत व्हिक्टोरिया सरोवराच्या परिसरातून फुगे सोडले, तेव्हा त्यांना स्थितांबरात नेमका पश्चिमेकडचा वारा सापडला. दोन्ही निरीक्षणे खरी होती. त्यामुळे पुढची जवळपास पन्नास वर्षे शास्त्रज्ञांनी हे दोन्ही वारे एकावर एक रचून नकाशात बसवले आणि ते कायमचे तिथेच असतात असे मानले. काळानुसार वारा बदलत असेल ही शंका येण्यासाठी एकाच ठिकाणची वर्षानुवर्षांची सलग नोंद हवी होती.

ती नोंद फुग्यांनी दिली. हवामान केंद्रावरून रोज ठरलेल्या वेळी हायड्रोजन किंवा हेलियम भरलेला रबरी फुगा सोडतात; त्याच्या दोरीला एक हलकी पेटी टांगलेली असते, तिला रेडिओसाँड म्हणतात. पेटी तापमान, दाब आणि आर्द्रता रेडिओ लहरींवरून कळवत वर जाते. बाहेरचा दाब कमी होईल तसा फुगा फुगत जातो आणि तीसेक किलोमीटर उंचीवर फुटतो. वारा मोजायला निराळे उपकरण लागत नाही. फुगा ज्या दिशेने आणि ज्या वेगाने आडवा वाहवत जातो तोच वारा. प्रशांत महासागरातील कँटन बेट, मग मालदीवमधील गान आणि त्यानंतर सिंगापूर अशा विषुववृत्तालगतच्या केंद्रांच्या नोंदी जोडून १९५३ पासूनची अखंड मालिका तयार झाली आहे. अमेरिकेतील रीड आणि ब्रिटनमधील व्हेरियार्ड व एबडन यांनी १९६०-६१ च्या सुमारास, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, अशा नोंदींतून हे आंदोलन ओळखले. क्राकाटोआची राख पूर्वेकडच्या वाऱ्याच्या काळात वर गेली होती आणि बर्सन यांचे फुगे पश्चिमेकडच्या वाऱ्यात शिरले होते, असा त्या कोड्याचा उलगडा झाला.

आता कारण. विषुववृत्तावर उंच गडगडाटी ढग सतत उसळत असतात. त्यांच्या उसळीने वरच्या थराथरांच्या हवेत लाटा उठतात. काही पूर्वेकडे धावतात, काही पश्चिमेकडे. लाट आपल्याबरोबर संवेग वाहून नेते आणि जिथे विरते तिथल्या हवेला तो देऊन टाकते. वाऱ्याचा वेग आणि दिशा लाटेच्या वेगाशी व दिशेशी जुळू लागली, की लाट तिथेच विरते. समजा, वर पूर्वेकडे जाणारा वारा आहे. पूर्वेकडे धावणाऱ्या लाटा त्याच्या तळाशी पोचतात, तिथेच अडकतात आणि तिथल्या हवेला त्याच दिशेने रेटतात. त्यामुळे वाऱ्याचा तळ खाली खाली येतो. पश्चिमेकडे धावणाऱ्या लाटांना मात्र त्या वाऱ्यातून वाट मोकळी असते. त्या आरपार जातात, आणखी वर जाऊन विरतात आणि तिथे उलट दिशेचा वारा सुरू करून देतात. खालचा जुना वारा तपांबराच्या छतापाशी झिजून संपतो, वरचा नवा खाली येतो, आणि पुन्हा पहिल्यापासून. लिंडझेन आणि हॉल्टन यांनी १९६८ मध्ये या विचाराची मांडणी केली आणि १९७२ मध्ये ती सुधारली. म्हणजे २८ महिने हा आकडा बाहेरून कोणी ठरवून दिलेला नाही. लाटांचा जोर, त्यांचा वेग आणि हवेची घनता यांतून तो आपोआप निघतो.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थिनीला कागदावरच्या समीकरणांपेक्षा प्रयोग अधिक पटेल. १९७८ मध्ये प्लम आणि मॅकइवन यांनी कड्याच्या आकाराच्या एका टाकीत मिठाचे पाणी भरले, तळाशी दाट आणि वर जाता जाता विरळ. तळाला एक लवचीक पडदा बसवून त्याचे तुकडे आळीपाळीने वरखाली हलवले. पडद्याच्या हालचालीला ना उजवी बाजू ना डावी. सुरुवातीला पाणी केवळ डचमळत राहिले. काही वेळाने मात्र ते कड्याभोवती एका दिशेने वाहू लागले, मग वरच्या बाजूने दिशा उलटली आणि तो बदल तळाच्या पडद्याकडे उतरत आला; पडदा हलत होता तोवर हा पालट चालूच राहिला. विषुववृत्तावरच्या आकाशात जे घडायला सव्वादोन वर्षे लागतात, ते टेबलावरच्या टाकीत एका बैठकीत दिसले. विज्ञानाच्या इतिहासात इतका स्वस्त आणि इतका निर्णायक पुरावा क्वचितच मिळतो, असे माझे मत आहे.

प्रश्न : माझा मुलगा नोकरीनिमित्त मँचेस्टरला असतो. तिथल्या हिवाळ्याच्या दीर्घकालीन अंदाजात या वाऱ्यांचा उल्लेख असतो असे तो सांगतो. विषुववृत्तावरच्या वाऱ्याचा इंग्लंडच्या थंडीशी संबंध कसा पोचतो?
– एक वाचक भगिनी, ऐरोली

उत्तर : आपल्या मुलाने सांगितले ते खरे आहे, क्यूबीओचा हिवाळ्यावरील प्रभाव सर्वांत स्पष्ट दिसतो तो युरोपात आणि अमेरिकेच्या पूर्व भागात. दुवा आहे उत्तर ध्रुवावरच्या भोवऱ्याचा. हिवाळ्यात ध्रुवावर सूर्य उगवत नाही, तिथले स्थितांबर अतिशय थंड होते आणि त्याभोवती पश्चिमी वाऱ्यांचे प्रचंड कडे तयार होते. हा भोवरा घट्ट असला की थंड हवा ध्रुवाजवळ कोंडलेली राहते आणि अटलांटिकवरून येणारे दमट, उबदार वारे इंग्लंडचा हिवाळा सौम्य ठेवतात.

भोवऱ्याला धक्के देतात त्या खालून येणाऱ्या महाकाय लाटा. हिमालय, तिबेटचे पठार आणि रॉकी पर्वत यांवरून वारे जाताना, तसेच जमीन आणि समुद्र यांच्या तापमानातील फरकामुळे, त्या निर्माण होतात. या लाटा पश्चिमी वाऱ्यांतूनच वर जाऊ शकतात. पूर्वेकडच्या वाऱ्यात त्यांना प्रवेश नसतो. खालच्या स्थितांबरात विषुववृत्तावर पश्चिमी वारा असेल, तर या लाटांना दक्षिणेकडे पसरायला मैदान मोकळे मिळते. तिथे पूर्वेकडचा वारा असेल तर दक्षिणेची वाट आखडते, लाटा ध्रुवाकडे वळतात आणि भोवऱ्यावर आदळतात. पूर्वेकडच्या टप्प्यात भोवरा सरासरीने दुबळा आणि पश्चिमेकडच्या टप्प्यात बळकट असतो, हे हॉल्टन आणि टॅन यांनी १९८० मध्ये दाखवून दिले.

भोवरा फारच खिळखिळा झाला तर तो फाटतो किंवा ध्रुवावरून बाजूला ढकलला जातो. अशा वेळी ध्रुवाजवळच्या स्थितांबराचे तापमान काही दिवसांत ३० ते ५० अंशांनी वाढते. ही घटना १९५२ मध्ये बर्लिनमध्ये शेर्हाग यांनी प्रथम टिपली. तिचा प्रभाव पुढच्या काही आठवड्यांत खाली उतरतो आणि कधीकधी दोन महिने टिकतो. झोतवारा दक्षिणेकडे सरकतो, उत्तर युरोपात ध्रुवीय हवा घुसते आणि पाऊस भूमध्य समुद्राकडे वळतो. फेब्रुवारी २०१८ मध्ये भोवरा फाटल्यानंतर महिनाअखेरीस ब्रिटनमध्ये सायबेरियाकडून आलेल्या वाऱ्याने बर्फाचे थैमान घातले, ते याचे ठळक उदाहरण.

क्यूबीओच्या दृष्टीने नमुनेदार हिवाळा म्हणजे २००९-१० चा. विषुववृत्तावर पूर्वेकडचा वारा होता, प्रशांत महासागरात एल निनो होता, आणि ब्रिटनने सुमारे तीस वर्षांतला सर्वांत कडक हिवाळा अनुभवला. उलट, २०१९-२० मध्ये पश्चिमी टप्पा होता, भोवरा विलक्षण बळकट राहिला आणि युरोपचा हिवाळा अगदीच कोमट गेला. एवढी दोनच उदाहरणे दिली तर सिद्धांत खडीसाखरेसारखा गोड लागतो. पण त्यांच्या आधीचा, २००८-०९ चा हिवाळा पाहा. वारा पश्चिमेकडचा, सूर्यावरील डाग अगदी कमी, प्रशांत महासागरात ला निना. सारी लक्षणे भोवरा शाबूत राहण्याची. तरीही जानेवारी २००९ मध्ये तो दोन तुकड्यांत फाटला, आणि तोही नोंदींतल्या सर्वांत तीव्र घटनांपैकी एका घटनेत. म्हणून क्यूबीओकडे किंचित कललेल्या कॅरम बोर्डाप्रमाणे पाहावे: सोंगट्या एका बाजूला थोड्या अधिक जातात, पण प्रत्येक सोंगटीचे भवितव्य ठरते ते स्ट्रायकरच्या फटक्यावर.

तरीही अंदाज करणाऱ्यांना त्याचे मोल वाटते, ते त्याच्या वक्तशीरपणामुळे. एल निनो पुढच्या वर्षी असेल का, यावर तज्ज्ञांत वाद होतात. क्यूबीओचा टप्पा मात्र बहुतेक वेळा वर्षभर आधी सांगता येतो. परिणाम लहान असला तरी वेळ आधी कळलेली गोष्ट उपयोगी पडते. अडचण अशी, की संगणकीय प्रारूपांत हा परिणाम प्रत्यक्षापेक्षा बहुधा फिका उमटतो, आणि मॅडन-ज्युलियन आंदोलनाशी असलेले त्याचे नाते तर बहुतेक प्रारूपांना पकडताच येत नाही.

प्रश्न : २२ जानेवारी १९६२ रोजी मुंबईत पडलेल्या थंडीच्या आठवणी माझे वडील सांगत. ती या वाऱ्यांमुळे होती का?
– एक वाचक, पाचपाखाडी, ठाणे

उत्तर : त्या दिवशी सांताक्रूझला ७.४ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले आणि तो नीचांक आजही कायम आहे. एका पहाटेच्या थंडीचे कारण उत्तरेकडून आलेली कोरडी हवा आणि निरभ्र रात्र यांत शोधावे लागते. क्यूबीओ हा अनेक हिवाळ्यांच्या सरासरीत दिसणारा परिणाम आहे. एखाद्या तारखेच्या गळ्यात तो बांधता येत नाही. या संदर्भात पावसाचे उदाहरण बोलके आहे. वसंत गोवारीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ पासून वापरात आणलेल्या मोसमी पावसाच्या सोळा घटकांच्या प्रारूपात सुमारे ३० किलोमीटर उंचीवरच्या वाऱ्यालाही स्थान होते. अनेक वर्षे अंदाज जुळले, पण २००२ च्या दुष्काळाची चाहूल त्या प्रारूपाला लागली नाही आणि पुढच्याच वर्षी हवामान विभागाने नवी प्रारूपे आणली.

प्रश्न : या वाऱ्याची सध्याची दिशा आम्हां सामान्य वाचकांना पाहता येते का?
– महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचा एक गट, खारघर

उत्तर : अवश्य पाहता येते. अमेरिकेचे हवामान अंदाज केंद्र दरमहा विषुववृत्तावरील ३० आणि ५० हेक्टोपास्कल दाबाच्या पातळीवरचे आकडे प्रसिद्ध करते, आणि सिंगापूरच्या फुग्यांच्या मासिक नोंदीही इंटरनेटवर खुल्या आहेत. ३० हेक्टोपास्कल म्हणजे साधारण २४ किलोमीटर उंची, ५० म्हणजे साधारण साडेवीस. आकडा धन असेल तर वारा पश्चिमेकडून आणि ऋण असेल तर पूर्वेकडून, एवढे ध्यानात ठेवावे. मात्र काही तक्ते प्रत्यक्ष वेग देतात आणि काही सरासरीपासूनचा फरक, त्यामुळे शीर्षक आधी वाचावे. ध्रुवीय भोवऱ्याशी नाते तपासायचे असेल तर ५० च्या पातळीजवळचे नोव्हेंबर ते जानेवारीचे आकडे पाहावेत. १९५३ पासूनची मालिका उभ्या अक्षावर उंची आणि आडव्या अक्षावर वर्षे घेऊन रंगवली, की वरून खाली उतरणारे तिरपे पट्टे स्पष्ट दिसतात. त्यात दोन ठिकाणी ही लय मोडलेली दिसेल: २०१६ च्या आरंभी आणि पुन्हा २०२० च्या आरंभी, पश्चिमी वाऱ्याच्या मधोमध पूर्वेकडच्या वाऱ्याचा एक तुकडा घुसला आहे. साठ वर्षांहून अधिक काळाच्या नोंदीत असे पूर्वी कधी झाले नव्हते. उत्तर गोलार्धातून विषुववृत्ताकडे वळलेल्या महाकाय लाटांनी हे घडवले असे २०१६ च्या घटनेच्या अभ्यासातून दिसते, आणि तापणाऱ्या हवामानात असे व्यत्यय वाढतील का, यावर सध्या काम चालू आहे.